पूरग्रस्त गावात मदत घेऊन जायचंय? टेम्पो भरण्याआधी हे वाचा

मी शिरोळ तालुक्यातला. कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा अशा चार नद्यांचं पाणी आमच्या तालुक्यात येऊन मिळतं त्यामुळं पूर आम्हाला नवा नाही. पण ऑगस्ट २०१९ ला जे झालं ते आमच्या म्हाताऱ्या माणसांनीपण बघितलेलं नव्हतं. आमची छोटी नोंदणीकृत संस्था आहे, एरवी रक्तदान शिबिर आणि शाळेत वह्यावाटप एवढंच काम. त्या वर्षी आम्ही जसं सुचेल तसं धावत सुटलो. पाणी ओसरल्यावर पहिल्याच दिवशी दोन टेम्पो भरले, ज्या गावाचा रस्ता उघडा दिसला तिथं गेलो आणि वाटून मोकळे झालो. नंतर कळलं की त्याच गावात त्याच दिवशी आमच्याआधी सात-आठ गाड्या येऊन गेल्या होत्या, आणि तिथून चार किलोमीटर आत असलेल्या वस्तीवर तिसऱ्या दिवशीपर्यंत कोणी फिरकलं नव्हतं. त्या वस्तीवरची एक आजी मला म्हणाली, "बाळा, गाड्यांचा आवाज ऐकू येत होता रे रोज." ते वाक्य अजून डोक्यातनं जात नाही.

२०२१ च्या जुलैत परत पूर आला तेव्हा आम्ही तहसील कार्यालयाबरोबर बसून काम केलं. सामान २०१९ पेक्षा कमीच होतं पण ते जिथं जायला पाहिजे होतं तिथं गेलं. मधल्या काळात जे शिकलो ते खाली लिहितोय. तुमचं मंडळ असेल, ट्रस्ट असेल, कंपनीतला ग्रुप असेल, पहिल्यांदाच उतरत असाल तर उपयोगी पडेल. उदाहरणं आमच्याकडची आहेत, पण चिपळूण असो, महाड असो की सीना नदीकाठचा सोलापूर भाग, सरकारी साखळी सगळीकडं हीच आहे.

१. कोणाकडं जायचं ते आधी समजून घ्या

नवीन माणूस एकतर थेट आमदारांना फोन लावतो नाहीतर थेट गावात जातो. दोन्हीच्या मधे जी साखळी आहे तिच्याकडंच सगळी माहिती असते.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण असतं, जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष. कलेक्टर ऑफिसात चोवीस तास कंट्रोल रूम चालते, नंबर १०७७. प्रत्यक्ष तालुक्यातलं काम तहसीलदार बघतात, त्यांच्यावर प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकारी. पंचायत समितीत गटविकास अधिकारी म्हणजे बीडीओ, त्यांच्याकडं ग्रामपंचायती. शहर असेल तर नगरपरिषदेचे मुख्याधिकारी. गावात तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील, आशाताई, अंगणवाडी सेविका. (तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात आणि ग्रामसेवकांना ग्रामपंचायत अधिकारी, पत्रात नवीन नाव लिहा, बोलताना जुनं चालतं.)

आणखी एक गोष्ट मनात पक्की ठेवा. याच कायद्यात जिल्हा प्राधिकरणानं स्वयंसेवी संस्थांना कामात सहभागी करून घ्यावं असं लिहिलंय आणि त्या संस्था भेदभाव न करता काम करतायत ना हे बघावं असंपण लिहिलंय. म्हणजे तुम्ही तहसीलला गेलात की उपकार मागायला गेलेला नसता, आणि त्यांनी तुम्हाला "कुठं वाटताय, कोणाला वाटताय" विचारलं तर तो अडवायचा प्रकार नसतो, ते त्यांचं कामच आहे. हे मला २०१९ ला माहीत असतं तर निम्मे वाद झाले नसते.

रेड क्रॉसची जिल्हा शाखापण विचारात घ्या. बहुतेक जिल्ह्यात तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात, त्यामुळं तिथून आलेली मदत आणि तुमची मदत एकाच गावात पडू नये यासाठी कलेक्टर ऑफिसातच विचारता येतं.

२. ओळख मे महिन्यातच करून ठेवा

पावसाळ्याआधी तालुक्यात मान्सूनपूर्व आढावा बैठक होते. तहसील कार्यालयात जाऊन सांगा की आमची संस्था अशी अशी आहे, आम्हाला बैठकीला बसू द्या आणि आमचं नाव यादीत घ्या. पहिल्या वर्षी फार कोणी लक्ष देणार नाही. तरी जा. पूर आल्यावर त्या ऑफिसात दोनशे फोन येतात, त्यावेळी अधिकारी ओळखीच्या माणसाचाच फोन आधी उचलणार, त्यात त्यांचा दोष नाही.

एका फाईलमधे हे कागद तयार ठेवा, झेरॉक्सच्या तीन प्रती आणि मोबाईलमधे पीडीएफ:

– संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र आणि धर्मादाय कार्यालयाचा परिशिष्ट एकचा उतारा
– संस्थेचं पॅनकार्ड, आयकर सवलतीची १२ए (संस्थेसाठी) आणि ८०जी (देणगीदारासाठी) नोंदणी असेल तर त्याचे कागद, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा नंबर
– मागच्या वर्षीचा ऑडिट रिपोर्ट
– संस्थेचा ठराव, की या कामासाठी अमुक व्यक्ती सही करेल आणि बोलेल (एकच व्यक्ती! हे सगळ्यात महत्त्वाचं)
– स्वयंसेवकांची यादी: नाव, मोबाईल, रक्तगट, काय येतं (पोहणं, ट्रॅक्टर, स्वयंपाक, नर्सिंग, वायरिंग)
– गाड्यांची यादी, आरसी, लायसन्स, विमा
– लेटरहेड, शिक्का, कार्बनचं पावती पुस्तक

पावती पुस्तक कागदाचंच घ्या, लाईट आणि नेटवर्क दोन्ही जातं.

संस्था नोंदणीकृत नसेल तर नवीन काढायच्या नादी पुराच्या वेळी लागू नका, जवळच्या नोंदणीकृत संस्थेबरोबर जोडून घ्या, त्यांच्या पावतीवर आणि खात्यावर काम करा.

आणि तुमच्यातल्या दोघा-चौघांना आपदा मित्रचं, म्हणजे आपत्तीत मदत करणाऱ्या स्वयंसेवकांचं सरकारी प्रशिक्षण मिळतंय का हे त्याच भेटीत विचारा.

३. पैशाचा व्यवहार पहिल्या दिवसापासून स्वच्छ

हे थोडक्यात सांगतो पण अजिबात हलकं घेऊ नका. कोणाच्यातरी पर्सनल यूपीआयवर पैसे मागवले जातात, स्टेटसला क्यूआर कोड फिरतो, आठ दिवसात दीड-दोन लाख जमतात आणि मग प्रामाणिक माणसावरपण संशय येतो. आमच्या ओळखीतला एक चांगला पोरगा असाच बदनाम झाला, त्यानं एक रुपया खाल्ला नव्हता पण हिशेब लिहिला नव्हता. पैसे संस्थेच्याच खात्यावर घ्या. नोंदणी नसलेल्या मंडळानं लोकांकडून वर्गणी गोळा करायची असेल तर सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, गणपतीची काढतात तीच पद्धत.

देणगीदारांना आधीच सांगा की दोन हजारांवर रोख दिली तर ८०जीची सवलत मिळत नाही आणि वस्तू दिल्या तरी मिळत नाही.

परदेशातल्या लोकांचा प्रश्न दरवेळी येतो. दुबईत, अमेरिकेत आपली माणसं आहेत, महाराष्ट्र मंडळं आहेत, त्यांना मनापासून द्यायचं असतं. ज्याच्याकडं भारतीय पासपोर्ट आहे आणि तो स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गानं पाठवतोय, ती विदेशी देणगी धरली जात नाही. पण ज्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलंय, ओसीआय कार्ड असलं तरी, त्याचे पैसे किंवा तिकडच्या मंडळाचे पैसे ही विदेशी देणगी होते आणि एफसीआरए म्हणजे विदेशी देणगी कायद्याखालची नोंदणी नसेल तर ती घेता येत नाही. दुसऱ्या एफसीआरए संस्थेनं घेऊन तुम्हाला पुढं द्यायची हीपण वाट २०२० च्या दुरुस्तीनं बंद झाली. अशा देणगीदारांना सरळ मुख्यमंत्री सहायता निधी किंवा एफसीआरए असलेल्या संस्थेचं नाव सांगा, मन मोडू नका आणि स्वतः अडकूपण नका.

४. सामान गोळा करण्याआधी गरज लेखी मागा

मला वाटतं सगळ्या प्रक्रियेत हीच पायरी सगळ्यात जास्त लोक गाळतात. आधी आवाहन करतात, मग सामान येतं, मग ते कुठं द्यायचं ते शोधतात. उलटं करा. तहसीलदारांना एक पानाचं पत्र द्या. आमच्या पत्राचा मजकूर साधारण असा असतो:

"प्रति, मा. तहसीलदार. विषय: पूरग्रस्त गावांसाठी मदतकार्यात सहभागाबाबत. महोदय, आमच्या संस्थेकडं २५ स्वयंसेवक, २ टेम्पो, १ ट्रॅक्टर आणि ३०० कुटुंबांना पुरेल इतका किराणा देण्याची तयारी आहे. ज्या गावांना अथवा वस्त्यांना अद्याप मदत पोचलेली नाही त्यांची नावं, कुटुंबसंख्या आणि तातडीची गरज कळवावी. आम्ही आपण नेमून दिलेल्या गावातच वाटप करू व रोज संध्याकाळी अहवाल देऊ. संपर्क व्यक्ती: अमुक. सोबत कागदपत्रं जोडली आहेत."

आवक-जावकला देऊन पोच घ्या, आणि त्याचा फोटो तहसीलदार आणि निवासी नायब तहसीलदार दोघांना पाठवा. पत्रात आकडे लिहा. "शक्य ती मदत करू" असं लिहिलेल्या पत्राचं अधिकाऱ्यांना काहीच करता येत नाही, पण "३०० कुटुंबं, २ टेम्पो" लिहिलं की ते लगेच नकाशावर बोट ठेवतात.

उत्तर लेखीच येईल असं नाही. फोनवर सांगितलं तर तुम्हीच मेसेज करा, "साहेब, आपल्या बोलण्याप्रमाणे आम्ही उद्या अमुक दोन वस्त्या घेतोय," आणि त्यावर त्यांचा एक "ओके" आला तरी पुरे.

मग आवाहन करा, यादीतल्या वस्तूंचंच. जुने कपडे घेऊ नका. २०१९ ला आमच्या तालुक्यात जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडले होते आणि ते उचलायला परत ग्रामपंचायतीलाच ट्रॅक्टर लावावा लागला. जिच्या घरात वरपासून खालपर्यंत सगळं भिजलंय त्या बाईला दुसऱ्याची विटकी साडी उचलून बघायला लावणं हा मला अपमान वाटतो. नवीन गाऊन, नवीन अंतर्वस्त्रं, सॅनिटरी पॅड, लहान मुलांचे कपडे मापाप्रमाणे, टॉवेल, चादर, एवढं नवीन आणा, कमी आणा.

५. पाणी चढत असताना पाण्यात उतरू नका

पोहायला येतं म्हणून कोणीही बोट घेऊन जाऊ नये. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढतानाच बोट उलटली आणि कितीतरी जीव गेले, त्यात बायका होत्या, लहान मुलं होती. ती माणसं गावातून बाहेरच पडत होती. सुटका हे एनडीआरएफ (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल), लष्कर, अग्निशमन दल आणि प्रशिक्षित पथकांचं काम. एनडीआरएफचा तळ पुण्याजवळ सुदुंबरेला आहे, ते यायला वेळ लागतो म्हणूनच आधी कळवणं महत्त्वाचं. कोल्हापुरात व्हाईट आर्मीसारखी सराव असलेली पथकं आहेत. तुमच्याकडं बोट असेल तर ती आणि चालवणारा दोन्ही तहसीलच्या यादीवर घाला आणि त्यांनी सांगितल्याशिवाय सोडू नका, लाईफ जॅकेट नसेल तर सांगितलं तरी सोडू नका.

मग त्यावेळी तुम्ही काय करायचं? बाहेर पडायला मदत. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, सांगलीला आयर्विन पुलावर कृष्णेची ४० आणि ४५. हे आकडे रोज जाहीर होतात, राधानगरी धरणाचे दरवाजे किती उघडले, कोयनेतून विसर्ग किती, अलमट्टीतून किती सोडलंय हेपण. आमच्याकडची माणसं हे आकडे पाठ म्हणतात, तरी घर सोडत नाहीत. का? जनावरं. म्हैस दावणीला बांधलेली असताना कुठला शेतकरी बोटीत बसेल? २०२१ ला आम्हाला तहसीलमधून सांगितलं की धान्य नको, वैरण आणा आणि जनावरं न्यायला ट्रॅक्टर द्या. आम्ही उंचावरच्या गावातून उसाचं वाडं आणि कडबा गोळा केला, एका मोकळ्या मैदानात दावण लावली, पेंड आणून टाकली. मग बातमी गावात पोचली की म्हशींची सोय झालीय, आणि दोन दिवस अडून बसलेली घरं एका दुपारीत हलली. तांदळाच्या शंभर पिशव्यांनी जे झालं नसतं ते दोन ट्रॉली वैरणीनं झालं. हे आम्हाला आमच्या अंदाजानं कधीच सुचलं नसतं, तलाठी रोज घरोघर जाऊन विनवत होते म्हणून त्यांना कारण माहीत होतं.

६. निवारा केंद्रात काम करताना

शाळा, मंगल कार्यालय, साखर कारखान्याचं आवार अशा ठिकाणी लोकांना ठेवतात. प्रत्येक केंद्रावर एक शासकीय कर्मचारी नेमलेला असतो, बहुतेक वेळा शिक्षक. पहिलं त्यांना भेटा, रजिस्टर बघा: किती कुटुंबं, किती बाळं, किती गरोदर बायका, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असलेले किती. त्या गोळ्या घरी राहून गेलेल्या असतात आणि हे कोणी विचारत नाही, आशाताईंना घेऊन यादी करा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातून मागवा.

जेवण सरकारकडून असतंच, त्यामुळं तुम्ही परत डाळभात नेऊ नका, काय कमी पडतंय ते विचारा. बहुतेक वेळा दूध, गॅस सिलिंडर, बाळांचं खाणं, डास अगरबत्ती, चार्जिंगचे बोर्ड. पाणी माणशी दिवसाला १५ लिटर हे जगभर मदतकार्यात धरलेलं किमान माप आहे, पिणं, स्वयंपाक, धुणं सगळं मिळून. संडास सुरुवातीला ५० माणसांमागं एक आणि नंतर २० मागं एक. हे हिशेब शाळेत बसत नाहीत, शाळेला चार संडास असतात आणि माणसं चारशे. म्हणून फिरते संडास मागवण्यासाठी बीडीओंच्या मागं लागा, आणि बायकांच्या संडासाकडं जाणाऱ्या वाटेवर रात्रीचा दिवा लावा. एक सोलर दिवा पुरतो. आमच्या एका केंद्रात बायका अंधारामुळं संध्याकाळी पाणीच पीत नव्हत्या, आम्हाला ते चौथ्या दिवशी कळलं तेपण आमच्यातल्या एका ताईंमुळं. तुमच्या टीममधे बायका नसतील तर केंद्रात काम करू नका, इतकं मी स्पष्ट सांगेन.

शिजवलेलं अन्न आणणाऱ्यांनी डब्यावर शिजवल्याची वेळ लिहा. दुपारचं रात्री देऊ नका.

फोटो: पावतीपुरता सामानाचा काढा, घेणाऱ्याच्या तोंडाचा नको. पाकिटावर नेत्याचं, संस्थेचं स्टिकर नको. २०१९ ला सरकारी मदतीच्या पाकिटांवर फोटो लावल्यावरून केवढा गदारोळ झाला होता ते सगळ्यांना आठवत असेल. ज्यांनी घर गमावलंय त्यांना हे फार लागतं.

७. वाटप, आणि यादीबाहेरची माणसं

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो ते.

सरकारची मदत यादीवर चालते. यादी रेशनकार्डावर, घरपट्टीच्या उताऱ्यावर, पंचनाम्यावर. ते तसंच चालणार कारण त्यांना एकेका रुपयाचा हिशेब द्यायचा असतो, आणि शासन निर्णयात जे नाही ते तहसीलदार इच्छा असूनही देऊ शकत नाहीत. तुमच्या संस्थेला मात्र असं बंधन नाही. तुमची खरी गरज तिथंच आहे, यादीत न बसणाऱ्या माणसाला. पण यादी हातात असल्याशिवाय यादीबाहेर कोण आहे हे तुम्हाला कळणार कसं? म्हणून तहसीलबरोबर काम करायचं. नुसतं स्वतःच्या मनानं गेलं की आपण परत त्याच घरांना देतो जी यादीत आहेतच, कारण तीच पुढं उभी असतात.

आम्ही करतो ते असं. तलाठ्यांकडून गावची बाधित कुटुंबांची यादी बघायला घेतो (प्रत नाही मिळाली तर त्यांच्यासमोर बसून टिपून घेतो, लोकांचे आधार नंबर आणि खाते नंबर मात्र उतरवायचे नाहीत). मग पोलीस पाटील, आशाताई आणि गावातली दोन तरुण पोरं घेऊन गल्लीगल्लीनं फिरतो. एकच प्रश्न विचारायचा: या घरात चुली किती? रेशनकार्ड एक असतं पण भाऊ वेगळे झालेले असतात, चुली तीन असतात. मदत एकीला मिळते. मग हे शोधायचं:

– भाड्यानं राहणारे. घरपट्टी मालकाच्या नावावर, भांडी मात्र भाडेकरूची वाहून गेलेली. इचलकरंजीकडं यंत्रमाग कामगारांच्या खोल्याच्या खोल्या अशा असतात.
– दुसऱ्या जिल्ह्यातून, राज्यातून आलेले मजूर, वीटभट्टीवरचे, रेशनकार्ड गावाकडं राहिलेलं.
– नदीकाठच्या गायरानात, अतिक्रमणात झोपडी असणारे. पाणी पहिलं त्यांच्याकडंच शिरतं.
– एकट्या बायका, विधवा, नवऱ्यानं सोडलेल्या, ज्यांचं नाव सासरच्या कार्डावर आहे पण सासर देत नाही.
– मळ्यात राहणारे, जे वाटपाच्या दिवशी गावात येऊच शकत नाहीत.

ही यादी झाली की पहिला टेम्पो यांच्यासाठी. आणि त्याची एक प्रत तहसीलदारांना पोच घेऊन द्या, हे विसरू नका. २०२१ ला आम्ही दिलेल्या यादीतली काही घरं नंतरच्या फेरपंचनाम्यात आत घेतली गेली. सगळी नाही. पण जी घेतली ती नुसत्या किराण्यापेक्षा कितीतरी पुढचं मिळालं त्यांना.

वाटपाच्या आदल्या दिवशी घरोघर टोकन द्या, टोकनवर घरप्रमुखाचं नाव, चूल नंबर आणि वेळ. रस्त्यावर गाडी थांबवून वरून पिशव्या कधीही फेकू नका. ग्रामपंचायतीसमोर टेबल, सहीचं रजिस्टर, एक आपला माणूस आणि एक ग्रामपंचायतीचा. सरपंचांचा गट आणि विरोधी गट दोघांतला एकेक माणूस उभा करा म्हणजे "त्यांच्याच लोकांना दिलं" हे येत नाही. कोणी म्हणालं की अमुक गल्लीला आधी नको, नंतर बघू, तर तिथंच ओळखा काय चाललंय, आणि त्या गल्लीपासूनच सुरू करा.

८. पंचनाम्यात मदत करा, पंचनामा करू नका

पंचनामा तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक करतात. तुम्ही लोकांना तयार करा. घर धुवायच्या आधी भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेचा फोटो काढायला सांगा, पडक्या भिंतीचा चारही बाजूनं, मेलेल्या जनावराचा पशुवैद्यकीय दवाखान्यातून दाखला. आधार, पासबुक वाहून गेलं असेल तर गावात एक टेबल लावून डुप्लिकेटचे अर्ज भरून द्या. आमच्यातल्या कॉलेजच्या पोरांनी सगळ्यात मोठं काम हेच केलं. बँक खातं चालू आहे का हेपण तपासा, खातं बंद पडलंय म्हणून पैसे परत गेल्याच्या तक्रारी नंतर फार येतात.

सापळा: "तुम्हाला इतके मिळतील" असं कधीही सांगू नका. दरवेळी शासन निर्णय वेगळा. २०१९ ला सानुग्रह अनुदान ग्रामीण भागात १० हजार आणि शहरात १५ हजार होतं, पुढच्या पुरात लोक तेच धरून बसले आणि वाद आमच्याशी झाले. आणि नुकसान नसताना नाव घालायला कोणी आग्रह केला तर नाही म्हणा. खोटा दावा करून मदत घेणं हा त्याच २००५ च्या कायद्यानं गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

९. पाणी ओसरल्यानंतरचे दिवस

कॅमेरे गेलेले असतात, गाड्या कमी होतात, आणि घरात गुडघाभर चिखल असतो. मनुष्यबळ खरं इथं लागतं. साधनं: फावडी, घमेली, खराटे, गमबूट, जाड हातमोजे, डिझेल पंप, प्रेशर वॉशर, जनरेटर, टॉर्च, प्रथमोपचार पेटी. गमबूट प्रत्येकाला. चिखलात साप, काचा, पत्रे असतात आणि जखमेतून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) धोका असतो. लेप्टोच्या प्रतिबंधक गोळ्या आरोग्य विभाग ठरवतो कोणाला द्यायच्या, आपण पाकिटं वाटायची नाहीत.

विहिरी आणि नळयोजनेचं काम ग्रामपंचायतीकडं. तुम्ही पंप आणि माणसं द्या, विहीर उपसू लागा, ब्लिचिंग किती टाकायचं ते त्यांचे जलसुरक्षक सांगतील, नंतर ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची चाचणी) झाल्याशिवाय प्यायला सुरुवात करू देऊ नका. घरोघरी मेडिक्लोरच्या (पाणी शुद्ध करायच्या औषधाच्या) बाटल्या वाटताना किती थेंब ते तोंडी सांगा, चिठ्ठी कोणी वाचत नाही. महावितरणचा माणूस येऊन बघितल्याशिवाय कोणाच्या घरातलं मेनस्विच तुम्ही लावू नका.

घरं बांधून देण्याचा विचार असेल तर तो वेगळाच रस्ता आहे, त्यात जागा कोणाच्या नावावर, आराखडा कोणाचा, देखभाल कोणाची हे सगळं जिल्हाधिकाऱ्यांबरोबर लेखी करारात आलं पाहिजे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर अनेक संस्थांनी सरकारबरोबर अशी गावं उभी केली. पहिल्याच वर्षी त्यात पडू नका.

१०. हिशेब आणि उरलेलं सामान

रोज रात्री तहसीलला चार ओळींचा मेसेज: गाव, किती कुटुंबं, काय दिलं, उद्या कुठं. काम संपल्यावर एक पानाचा अहवाल तहसीलदार, बीडीओ आणि प्रत्येक ग्रामपंचायतीला, जमाखर्चासकट. देणगीदारांनापण तोच कागद. ग्रामपंचायतीच्या फलकावर चिकटवलात तर उत्तम.

सामान उरतंच. ते घाईघाईनं कोणालातरी देऊन संपवू नका. चादरी, ताडपत्र्या, गमबूट, सोलर दिवे धुऊन वाळवून मोजा, तहसीलच्या गोदामात किंवा शाळेच्या खोलीत ठेवा, यादीच्या दोन प्रती करा, एक आत कपाटाच्या दाराला आणि एक तुमच्या फाईलमधे. किल्ली कोणाकडं आहे ते नाव आणि मोबाईलसकट लिहा, कारण अधिकाऱ्यांची बदली होते. आमची किल्ली शाळेच्या शिपाईमामांकडं असते, आणि दरवर्षी मे महिन्यात आढावा बैठकीच्या दिवशी आम्ही जाऊन ती खोली उघडून सगळं परत मोजतो.